23 वरची रेघ

19, 37, 55, 73. प्रत्येक वेळी 18 ची भर पडते, आणि 18 म्हणजे पाणी. हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक, त्यांच्या वजनांची बेरीज अठरा. त्यावर एक प्रोटॉन चढला की एकोणीस. त्या एकोणिसाला पाण्याचा आणखी एक रेणू चिकटला की सदतीस, मग पंचावन्न, मग त्र्याहत्तर. कागदावर हे चार सुळके ओळीने उभे असतात आणि शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही ते एवढे तरी वाचता येतात. आलेख आला आहे शनीजवळून. तो ज्या कणाचा आहे तो केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा होता, आणि आलेख निघाला त्याच क्षणी तो संपला.

रसग्रहण आपण कवितेचे करतो, बंदिशीचे करतो, चित्राचे करतो, कारण तिथे कुणीतरी निवड केलेली असते. काय ठेवले, काय गाळले, कुठे थांबले, हे पाहण्यात आपला आनंद असतो. मोजमापातही ही निवड असते, फक्त तिच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही. कॅसिनी यानावरच्या ‘कॉस्मिक डस्ट अ‍ॅनालायझर’ या उपकरणाने शनीभोवतीची धूळ टिपली आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी तिचा अर्थ लावला. माझ्या मते विसाव्या-एकविसाव्या शतकांच्या सांध्यावरचे हे सर्वांत देखणे वाचन आहे. कॅसिनीने पाठवलेली शनीची छायाचित्रे घराघरांत पोचली, आणि ती खरोखर सुंदर आहेत. पण ती पाहून जे कळले नाही ते या रेघांनी सांगितले, म्हणून मला रेघा अधिक प्रिय आहेत.

यान 15 ऑक्टोबर 1997 रोजी निघाले, 1 जुलै 2004 रोजी शनीच्या कक्षेत शिरले आणि 15 सप्टेंबर 2017 रोजी शनीच्याच वातावरणात जळून गेले. शनी आपल्याला ओळखीचा आहे तो साडेसातीमुळे. त्या भीतीच्या मुळाशीही निरीक्षणच आहे: सूर्याभोवतीची शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे, तीन राशी मिळून साडेसात. दुर्बीण नसताना कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या आकाश पाहून हा हिशेब बसवला. शनीची कडी मात्र दुर्बिणीनंतरची. ती अखंड तबकडी असू शकत नाही, असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजे, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1859 मध्ये छापलेल्या निबंधात निव्वळ गणिताने दाखवले. एकही कण न पाहता! त्या कणांपैकी एकेकाला विचारण्याची वेळ यायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे गेली.

यातले एक कडे आपल्या गोष्टीचे रंगस्थळ आहे. त्याचे नाव साधे, ‘ई’. नेहमीच्या दुर्बिणीत ते दिसत नाही. 1966 मध्ये पृथ्वीवरून शनीची कडी बरोबर कडेवर आली, झगमगणारी मुख्य कडी रेषेएवढी बारीक झाली, तेव्हा वॉल्टर फायबेलमन यांना छायाचित्राच्या काचेवर बाहेरची ही फिकट धूळ दिसली. मार्च 2025 मध्ये कडी पुन्हा अशीच कडेवर आली होती. त्यानंतरच्या हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधाच्या पाळीवरून साध्या दुर्बिणीतून शनी पाहिलेल्यांना ग्रहाला आडवी टोचलेली एक बारीक रेघच दिसली असेल. ‘ई’ कडे तिथेच होते, त्या रेघेच्या दोन्ही टोकांच्या पार बाहेर, मुख्य कड्यांच्या कितीतरी पट रुंद आणि डोळ्यांना सर्वस्वी अदृश्य.

आता उपकरण. वजन साडेसोळा किलोच्या आसपास, वीज सरासरी अकरा-बारा वॅट, पृथ्वीकडे माहिती पाठवण्याचा वेग सेकंदाला सुमारे 524 बिट. आजच्या मोबाइलच्या काळात या शेवटच्या आकड्यावर विश्वास बसणार नाही. तोंडाशी विरळ जाळ्या आहेत. विद्युतभार असलेला कण त्यांतून जाताना आपला भार आणि वेग सांगून जातो. आत 41 सेंटीमीटर व्यासाचे, सोन्याचा मुलामा दिलेले लक्ष्य, आणि त्याच्या मधोमध 16 सेंटीमीटरची ऱ्होडियमची तबकडी. इथेच पहिली निवड दिसते. ऱ्होडियम हा दुर्मीळ धातू, आणि निसर्गात त्याचा एकच स्थिर समस्थानिक आहे, वजन 103. म्हणजे तबकडीचे स्वतःचे अणू उडाले तर ते एकाच जागी, 103 वर दिसणार. उपकरणाने प्रत्येक आलेखावर आपली सही कुठे पडावी हे आधीच ठरवून टाकले आहे, आणि बाकीची जागा पाहुण्यासाठी मोकळी ठेवली आहे.

कण सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने तबकडीवर आदळतो. त्याची वाफ होते, काही रेणूंवर विद्युतभार येतो. तबकडीपासून 3 मिलिमीटरवर दुसरी जाळी आहे आणि दोहोंत 1000 व्होल्टचा दाब. हा दाब प्रत्येक आयनाला सारखाच ढकलतो. पुढे सुमारे 23 सेंटीमीटरची मोकळी धाव. हलका आयन आधी पोचतो, जड मागून. हायड्रोजनला जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद लागतो, ऱ्होडियमला त्याच्या दहापट. गोंदिया जिल्ह्यात हे समजावून सांगायला फळा लागणार नाही. मळणी झालेले धान सुपातून सोडताना वारा सगळ्यांना सारखाच लागतो. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट थोडा पुढे जातो, भुसकट त्याच्याही पुढे. कोण किती लांब गेले त्यावरून कोण किती जड ते कळते. थ्रेशर आले तरी उफणणीचे हे शहाणपण आपल्या हातांना ठाऊक आहे. शनीजवळच्या यंत्रात अंतराऐवजी वेळ मोजली, इतकेच.

हे यंत्र काही फार तीक्ष्ण नजरेचे नव्हते. प्रयोगशाळेतली मोठी यंत्रे दोन वजनांतला फरक दशांशाच्या कितीतरी स्थळांपर्यंत सांगतात. याला शेजारशेजारच्या वजनांतलाही फरक नेहमी कळतोच असे नाही. ही उणीव लक्षात ठेवली पाहिजे, कारण वाचणाऱ्याची बुद्धी जिथे लागली ती याच उणिवेमुळे.

‘ई’ कड्यातल्या बहुतेक कणांचे आलेख सुरुवातीला दिलेल्या आकड्यांचे आहेत. पाणी, आणखी पाणी, मग 103 वर तबकडीची सही, मग 121, म्हणजे त्या सहीला चिकटलेला पाण्याचा एक रेणू. बर्फ असणार हे अपेक्षितच होते. पण 19 आणि 37 यांच्या मध्ये, 23 वर, पुष्कळ आलेखांत एक बुटकी रेघ उभी असते. 23 म्हणजे सोडियम.

ही रेघ पाहून लगेच टाळी वाजवणारा वाचक चांगला वाचक म्हणता येणार नाही. सोडियम सगळीकडे आहे. तो माणसाच्या घामात आहे, हाताच्या ठशात आहे, आणि तबकडीच्या पृष्ठभागावर सोडियम-पोटॅशिअमचे अंश पृथ्वीवरूनच गेलेले असू शकतात. आपण पकडले ते तिथले, की इथूनच भांड्याला लागून गेलेले? हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादहून फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले होते. त्यांची तपासणी हैदराबादच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत झाली आणि जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे 2009 मध्ये जाहीर झाले. एका जातीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे नाव दिले. पण ते जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत हे या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे जाहीर करतानाच सांगितले गेले. मला त्या प्रयोगात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच वाक्य. हायडेलबर्गचे लोकही 23 वरच्या रेघेपाशी असेच थांबले. त्यांनी एका आलेखावर काही बोलायचे नाही असे ठरवले आणि हजारो आलेख शेजारी शेजारी मांडले.

मांडल्यावर तीन कुळे दिसली. पहिले जवळजवळ निव्वळ पाण्याचे, त्यात सोडियम असलाच तर नावापुरता. दुसऱ्यात पाण्याबरोबर कार्बनी पदार्थांच्या किंवा सिलिकेटच्या खुणा. आणि तिसरे कूळ, शंभरात सुमारे सहा कणांचे, ज्यात चालच बदलते. अठराची पावले मागे पडतात. 23 वरची बुटकी रेघ आता सगळ्यांच्या वर डोके काढते आणि तिच्यापासून चाळिसाची पावले सुरू होतात: 23, 63, 103, 143. चाळीस म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. मध्येच 81 वर एक सुळका, तो सोडियमच्या आयनाला बिलगलेले सोडियम क्लोराइड, आपल्या जेवणातले मीठ. पुढे 129 वर सोडियम कार्बोनेट, धुण्याचा सोडा. तबकडीवरच्या मळातून हे जुळून येणार नाही. मळ असता तर तो सगळ्या कुळांत सारखा दिसला असता, आणि मिठाचा अख्खा रेणू काही त्यातून निघाला नसता.

या ओळीतला 103 पाहा. तबकडीची सही 103 वर, आणि सोडियमला चिकटलेल्या हायड्रॉक्साइडच्या दोन रेणूंचे वजनही 23 अधिक 80, म्हणजे 103. एवढी काळजी घेऊन निवडलेल्या धातूच्या नेमक्या जागी पाहुणा येऊन बसला! यंत्राची नजर या दोघांना वेगळे करू शकत नाही. तेव्हा अर्थ शेजाऱ्यांवरून लावायचा. अलीकडे 63 आणि पलीकडे 143 उभे असतील तर मधला 103 निदान काही अंशी मिठाच्या घरचा. ते दोघे नसतील तर तो तबकडीचा. द्व्यर्थी शब्दाचा अर्थ ओळीवरून ठरवण्याची रीत काव्याच्या अभ्यासकाला सांगावी लागत नाही. इथे ती रसायनशास्त्रात उतरलेली दिसते आणि मन हरखते.

पण वाचन बरोबर आहे याची खातरी कशी करायची? हायडेलबर्गला धुळीचे कण प्रचंड वेगाने फेकणारे यंत्र होते. लोखंडाचे कण, प्लास्टिकचे कण त्यातून फेकता येत. बर्फाचा कण तसा फेकणे जमत नव्हते. म्हणून त्यांनी आडवाट घेतली. निर्वात पोकळीत पाण्याची केसाहून बारीक धार सोडायची, तिच्यावर इन्फ्रारेड लेझरचा झोत मारायचा, आणि फुटलेल्या पाण्यातून निघणारे आयन तोलायचे. बर्फाच्या कणाने तबकडीवर आदळून जे होते त्याच्याशी हे बरेच जुळते. मग पाण्यात मीठ घालत जायचे, आणखी घालायचे, सोडा घालायचा, आणि शनीजवळून आलेला आलेख प्रयोगशाळेतल्या आलेखावर बसेपर्यंत थांबायचे नाही. तो बसला तेव्हा मिठाचे प्रमाण निघाले वजनाने अर्धा ते दोन टक्के. आपल्या समुद्रात ते साडेतीन टक्के असते. पाणी किंचित अल्कधर्मी.

फ्रँक पोस्टबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे ‘नेचर’मध्ये 25 जून 2009 च्या अंकात मांडले. त्याच अंकात दुसरा एक निबंध होता. पृथ्वीवरच्या मोठ्या दुर्बिणींतून निकोलस श्नायडर आणि सहकाऱ्यांनी एन्सेलाडसच्या फवाऱ्यांत सोडियमचा प्रकाश शोधला होता आणि त्यांना तो सापडला नव्हता. एन्सेलाडस हा शनीचा पाचशे किलोमीटर व्यासाचा उपग्रह. गोंदियाहून सरळ रेषेत जालन्यापर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढाच रुंद. त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या चार भेगांतून बर्फ आणि वाफ उसळते, हे 2005 मध्ये कॅसिनीने दाखवले होते, आणि ‘ई’ कड्याची धूळ तिथूनच येते हे तेव्हाच पक्के झाले. आता एकाच अंकात एकजण म्हणतो सोडियम आहे, दुसरा म्हणतो नाही.

दोघेही बरोबर होते. वाफेत मीठ जात नाही. उकळत्या खारट पाण्याच्या वाफेतून मिळते ते गोडे पाणी. तेव्हा फवाऱ्यातली वाफ बिनमिठाची असणे रास्त होते, आणि दुर्बिणीला दिसली ती वाफ. मीठ होते ते कणांत. म्हणजे हे कण वाफ थिजून बनलेले नव्हते. ते पाण्याचे तुषार होते, भेगेतल्या पाण्याच्या पृष्ठभागावरून उडालेले आणि मिठाला बाहेर पडायला सवड न देता झटक्यात गोठलेले. पाणी सावकाश गोठले तर बर्फ मिठाला बाहेर ढकलतो. खडकाशिवाय इतके मीठ येत नाही, आणि खडकातून ते काढायला द्रव पाणी लागते. एवढा सगळा तर्क 23 वरच्या रेघेतून निघतो: बर्फाखाली पाणी आहे, ते खडकाला भिडलेले आहे, आणि त्याचा पृष्ठभाग भेगांच्या तोंडापाशी उघडा आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्या निबंधाशिवाय हा अर्थ इतका ठाशीव झाला नसता. मी दोन्ही निबंध एकापाठोपाठ एक वाचायची शिफारस करतो. एकटा वाचला तर अर्धी गंमत जाते.

2011 मध्ये याचीच पुढची पायरी आली. एन्सेलाडसच्या अगदी जवळून, फवाऱ्यातूनच यान गेले तेव्हा खारट कणांचा वाटा खूप वाढलेला दिसला. उसळणाऱ्या घन पदार्थाच्या वजनाचा 99 टक्क्यांहून अधिक भाग खारट निघाला. कारण साधे आहे. खारट कण मोठे आणि जड, ते बहुतेक पुन्हा एन्सेलाडसवरच पडतात. दूरच्या ‘ई’ कड्यापर्यंत पोचतात ते हलके, गोडे. दुरून मोजलेले शंभरातले सहा म्हणजे गळून उरलेले सहा होते.

मग 28 वरची, सिलिकॉनची रेघ. ‘ई’ कड्यातून सुटून, शनीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडून सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने बाहेर फेकले जाणारे काही अतिसूक्ष्म कण यानाला शनीच्या वाटेवर असतानाच भेटले होते. त्यांच्या आलेखात सिलिकॉन होता आणि खडकात त्याच्याबरोबर हमखास येणारे मॅग्नेशियम, लोह मात्र जवळजवळ नव्हते. रेघ असण्याइतकेच रेघ नसणेही इथे बोलके आहे. धातूंशिवाय सिलिकॉन म्हणजे सिलिका, आणि काही नॅनोमीटरच्या एकसारख्या आकाराची सिलिका बनते ती गरम पाण्यात विरघळलेला खडक पाणी निवताना पुन्हा बाहेर येतो तेव्हा. जपानमधल्या यासुहितो सेकिने यांच्या प्रयोगांनी त्यासाठी निदान 90 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते असे दाखवले. मार्च 2015 मध्ये हे छापून आले. सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊ पट दूर, बर्फाच्या कवचाखाली, एन्सेलाडसच्या समुद्रतळाशी गरम झरे! आलेखातल्या रिकाम्या जागेवरून इतके सांगता आले, याचे मला अजून नवल वाटते.

याच कणांत 2018 मध्ये वाचल्या गेलेल्या कार्बनी महारेणूंबद्दल मी थोडक्यात सांगतो. 200 पेक्षा जड तुकड्यांच्या त्या खुणा महत्त्वाच्या खऱ्या, पण त्यांचे वाचन अजून पूर्ण झालेले नाही. 2023 च्या जूनमधले फॉस्फेटचे वाचन मात्र मिठाच्या वाचनाच्या तोडीचे आहे. खारट कुळातले 345 आलेख निवडून पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतल्या 9 आलेखांत 125, 165 आणि 187 या तीन जागी सुळके निघाले. तिन्हींतून सोडियमचे 23 वजा करा: 102, 142, 164. हे तिन्ही सोडियम आणि फॉस्फेटचे संयोग. इथेही प्रयोगशाळेत पाण्याची तीच धार सोडून तिन्ही सुळके जसेच्या तसे उभे करून दाखवले. त्या समुद्रात फॉस्फेट आपल्या समुद्रांपेक्षा निदान शंभरपट दाट आहे, असा हिशेब निघाला. धानाच्या बांधीतल्या मातीची तपासणीपत्रिका हातात घेणाऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश यांतले स्फुरद म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ते कमी पडले तर रोप मुळे धरत नाही. जीवसृष्टीला लागणाऱ्या मूलद्रव्यांत पृथ्वीबाहेरच्या समुद्रांत दुर्मीळ असेल असे मानले जात होते ते हेच. ते नुसते निघाले नाही, भरपूर निघाले, आणि निघाले ते यान जळून गेल्यावर सहा वर्षांनी, जुन्याच आलेखांतून.

ऑक्टोबर 2025 मध्ये नोझैर ख्वाजा आणि सहकाऱ्यांनी तर 9 ऑक्टोबर 2008 च्या एकाच भेटीतले आलेख पुन्हा उघडले. त्या दिवशी यान फवाऱ्यातून सेकंदाला सुमारे 18 किलोमीटर वेगाने गेले होते. एवढ्या वेगात पाण्याचे रेणू एकमेकांना चिकटून राहू शकत नाहीत. 37, 55, 73 ची ती नेहमीची रांग विरते आणि तिच्याआड झाकलेले कार्बनी रेणू उघडे पडतात. शिवाय हे कण भेगेतून काही मिनिटांपूर्वीच निघालेले होते, वर्षानुवर्षे प्रारणे सोसलेले कड्यातले जुने कण नव्हते. म्हणजे तो कार्बनी माल समुद्रातलाच. हे उपकरणाच्या सतरा वर्षे जुन्या आलेखांतून निघाले. चांगल्या मजकुराचे लक्षण मी याहून वेगळे काय सांगू?

मुख्य कड्यांच्या धुळीबद्दलही सांगायला हवे, कारण शनी म्हटला की डोळ्यांपुढे येतात ती तीच. 26 एप्रिल 2017 पासून अखेरपर्यंत कॅसिनीने शनी आणि त्याची सर्वांत आतली कडी यांच्यामधल्या अरुंद फटीतून 22 वेळा उडी घेतली. तिथे कड्यांतून शनीवर झरणारे नॅनोमीटरच्या मापाचे कण मिळाले: बहुतांश पाण्याचा बर्फ, आणि 8 ते 30 टक्के कण सिलिकेटचे. बाहेरून पाहता मुख्य कडी जवळजवळ शुद्ध बर्फाची दिसतात, त्यामानाने हे सिलिकेट फार. दुसरीकडे, शनीच्या परिसरात बाहेरून येणारे 163 कण तेरा वर्षांत वेगळे काढता आले. त्यावरून धूळ पडण्याचा वेग काढून साशा केम्फ यांच्या गटाने 2023 मध्ये कड्यांचे वय फार तर 10 ते 40 कोटी वर्षे ठरवले. डिसेंबर 2024 मध्ये र्‍युकी ह्योदो यांच्या गटाने संगणकीय प्रतिकृतींवरून वेगळे मांडले: आदळणाऱ्या धुळीची वाफ होऊन ती निघून जात असेल तर कडी म्हातारी असूनही स्वच्छ राहू शकतात. माझा कौल सध्या कुणाच्याच बाजूने नाही. 163 कण मोजणे हे मोठे काम आहे, पण मळावरून वय काढायचे तर मळ टिकतो किती हे आधी ठरायला हवे. मिठाच्या वाचनात जो प्रतिपक्ष शेजारीच छापला गेला, तो इथे दीड वर्षाने आला आणि प्रश्न अजून मोकळा आहे. याच उपकरणाने सूर्यमालेबाहेरून आलेले 36 कणही ओळखले, हे जाता जाता सांगतो. त्यांना न्याय द्यायला वेगळा लेख लागेल.

या कामाची परंपरा थांबलेली नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवलेले ‘डेक्स’ हे तीनेक किलोचे धूळमापक 1 जानेवारी 2024 रोजी पीएसएलव्ही-सी58 च्या चौथ्या टप्प्यावर बसून पृथ्वीच्या कक्षेत गेले आणि आंतरग्रहीय धुळीचे आघात त्याने टिपले. ते आघात मोजत होते, कणाचे घटक सांगत नव्हते. पण सुरुवात अशीच होते. कॅसिनीच्या उपकरणाचे खरे अपत्य ‘सुडा’ हे 14 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपा क्लिपर यानावर निघाले आहे. नजर कितीतरी तीक्ष्ण, तत्त्व तेच. एप्रिल 2030 मध्ये ते गुरूपाशी पोचेल आणि युरोपा या उपग्रहाभोवतीची धूळ वाचू लागेल.

कॅसिनीच्या धूळमापकाचे आलेख नासाच्या ग्रहविज्ञान माहितीसंग्रहात सर्वांसाठी खुले आहेत. पैसे पडत नाहीत, परवानगी लागत नाही. गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयापासून देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. मोलर वस्तुमानाचा धडा घ्याल त्या दिवशी फळ्यावर 19, 37, 55, 73 लिहा, त्याखाली 23, 63, 103, 143 लिहा, आणि हे कशाचे आकडे आहेत ते न सांगता मुलामुलींना वजाबाकी करायला सांगा.